नऊ एमएमचं छत

काटकोन तपासायला सुतार जे हत्यार वापरतात त्याला गुण्या म्हणतात. या सुतारालाही सगळे गुण्याच म्हणायचे, कारण जगात आपल्याखेरीज दुसरं काहीही काटकोनात नाही अशी त्याची पक्की खात्री होती. माणसांची जाडी तो एमएममध्ये मोजायचा. समोरचा शिंपी चार एमएम, जरा वारा आला की फडफडणारा. कोपऱ्यावरचा डॉक्टर सहा, पण वरून सनमायका लावलेला. स्वतःची बायको अठरा. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण बायकोला तिची जाडी सांगायची नसते एवढी अक्कल त्याला होती. दाजींना मात्र त्यानं आकडाच दिला नव्हता. कागद जाडीवर घेत नाहीत, वजनावर घेतात.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बत्तीस वर्षं पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात काढून ते निवृत्त झाले होते आणि अकरा महिने गुण्याच्या घरात राहत होते. सोबत ताई होती आणि कॉलेजात जाणारी भाची होती. कारण साधं होतं. त्याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या दाजींच्या घराच्या छताला वाळवी लागली, छत उतरवलं, आणि नवं छत कसं असावं यावर दाजी विचार करू लागले. दाजींचा विचार म्हणजे तुंबलेली मोरी. पाणी असतं, जात नाही. पहिले चार महिने त्यांना छत गोल हवं होतं. पुढचे तीन महिने त्यांना छतच नको होतं. आठव्या महिन्यात ताईनं त्यांच्याशी बोलणं बंद केलं, तेव्हा कुठे अकराव्यात ते सरळ दोन उतारांवर आले.

मग गुण्यानं झपाट्यानं वासे चढवले. बत्तीस फूट लांबीचं घर, दर दोन फुटांवर एक वासा, एका उतारावर सतरा, दोन्ही मिळून चौतीस. वाशांवर अठरा एमएमचं प्लाय ठोकायचं, त्यावर हलकी डांबरी कौलं, की संपलं. मग ताई तिच्या घरी, दाजी त्यांच्या घरी, आणि गुण्या स्वतःच्या घरात, अकरा महिन्यांनी, लुंगीवर.

याची त्याला किती निकड होती ते सांगायला हवं. दाजी घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायचे. फ्रिजवर ‘यावर जास्तीत जास्त दोन थर’. पलंगावर ‘एकशे साठ किलो, समान विभागून’. गुण्याच्या पटाश्यांच्या पेटीवर ‘आत धारदार माल’, जणू ती पेटी दुसऱ्या कुणाची होती आणि गुण्याला सावध करणं भाग होतं. भाचीला वादविवाद स्पर्धांचं वेड. ती सकाळी कुठल्याही विषयाच्या बाजूनं बोलायची आणि संध्याकाळी विरुद्ध, त्यामुळे घरात कुठलाच प्रश्न सुटायचा नाही. एका न्हाणीघरात पाच माणसं. आत कोण आहे हे कळावं म्हणून दाजींनी दारावर पाच खाचांचा पुठ्ठा लावला होता. तो कायम दाजींच्याच खाचेवर असायचा, आणि ते खरंही असायचं.

ताईचा त्रास नव्हता. ताई पहाटे उठून सगळ्यांच्या आधी आवरायची आणि आपण या घरात नाहीच असं वागायची. गुण्याला तेच सोयीचं वाटायचं.

वासे चढल्यावर चौथ्या दिवशी टेम्पो आला. त्यात प्लायच्या बत्तीस शीट होत्या. कारखान्यानं दाजींना निवृत्तीची भेट म्हणून दिलेल्या. सेवेच्या एकेका वर्षाला एकेक शीट. शाल, नारळ, घड्याळ यांपैकी काही सुचलं नसेल, किंवा गोदाम रिकामं करायचं असेल. प्रत्येक शीटवर कारखान्याचे शिक्के होते: ‘नाजूक’, ‘हलक्या हाताने हाताळा’, आणि वर जाणारा एक बाण. दाजींनी हिशेब केला. छताला किती शीट लागतात? मोजून बत्तीस. सेवेची वर्षं किती? बत्तीस. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. नियती एवढ्या उघडपणे त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

गुण्यानं एका शीटच्या कडेला अंगठा लावला आणि म्हणाला, हे नऊचं आहे.

दाजी म्हणाले, असेल.

गुण्यानं समजावून सांगितलं. म्हणजे त्याला समजावणं वाटेल तसं. ऐकणाऱ्याला ते थुंकल्यासारखं वाटायचं. दोन फुटांवर वासे असले की त्यांच्यामध्ये नऊचं प्लाय झोपतं. आज झोपत नाही, उद्या झोपत नाही, पण वर्षभरात प्रत्येक दोन वाशांमध्ये झोळ येतो. झोळात पाणी थांबतं, सांधे उघडतात, आणि मग पाणी बरोबर जिथे माणूस झोपतो तिथे खाली येतं, कारण पाण्याला तेवढी अक्कल असते. दोन फुटांना अठरा. फारच चिकटपणा करायचा तर पंधरा. नऊ कपाटाच्या पाठीला.

दाजी हसले. लाकूडवाल्यांना थरांचं शास्त्रच कळत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांनी तीन पदरी पुठ्ठ्यावर अख्खं वॉशिंग मशीन उभं राहिलेलं पाहिलं होतं. जाडी हा अडाण्यांचा विषय, ताकद पदरांत असते, असं म्हणून त्यांनी शीटच्या कडेचे पदर नखानं मोजून दाखवले. बरं, जाडीच हवी तर दोन-दोन शीट एकावर एक ठोका, असं गुण्या म्हणाला. त्यावर दाजी गंभीर झाले.

“मेव्हणे, त्याला चौसष्ट लागतील. म्हणजे मला अजून बत्तीस वर्षं नोकरी करावी लागेल.”

त्या सकाळी भाचीनं नऊच्या बाजूनं पंधरा मिनिटं भाषण केलं. संध्याकाळी अठराच्या बाजूनं केलं. दोन्ही वेळा टाळ्या दाजींनीच वाजवल्या.

गुण्याच्या बायकोचं मत वेगळं होतं. तिनं भांडी घासता घासता, आवाज न चढवता सांगितलं की जाडं लावा, बारीक लावा, वर्तमानपत्र लावा, पण काहीतरी लावा आणि त्याखाली त्या माणसाला नेऊन ठेवा. वन्संबद्दल माझी तक्रार नाही, पण मी परवा माझ्याच डोक्यावर चिठ्ठी शोधत होते. गुण्या म्हणाला, माझ्या हातानं नऊ बसणार नाही. ती म्हणाली, मग तुमच्या हाताला सांगा की या घरात अजून दोन वर्षं असंच चालेल. आणि तिनं तवा पालथा घातला.

आता गुण्याच्या वस्तादांची एक रीत होती. छताला प्लाय ठोकायच्या आधी ते जमिनीवर वाशांचे तुकडे मांडायचे, वर जेवढ्या अंतरावर असतील तेवढ्याच अंतरावर. त्यावर एक शीट टाकायची आणि घराच्या मालकाला तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावायचं. वस्ताद शीटकडे बघायचेच नाहीत. मालकाच्या तोंडाकडे बघायचे. पायाखाली लवलं की माणसाचं तोंड बदलतं, आणि ज्याचं तोंड बदललं त्याला शब्दांनी समजवावं लागत नाही. गुण्यानं ठरवलं, दाजींना चालवू.

त्यानं आपल्या कामाच्या शेडसमोर दोन-दोन फुटांवर पाच तुकडे मांडले आणि वर ‘नाजूक’ टाकली. दाजी आले, त्यांनी शीटभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चालायला नकार दिला. त्यांचं वजन चौऱ्याण्णव किलो. घरात मी एकटा राहणार आहे का, असा त्यांचा मुद्दा. तिघे राहणार. म्हणजे तिघांची सरासरी काढली पाहिजे. भंगारवाल्याच्या काट्यावर तिघांची वजनं झाली: चौऱ्याण्णव, अठ्ठावन्न, सेहेचाळीस. भागिले तीन, सहासष्ट. आता सहासष्ट किलोचा माणूस हवा. मग दाजी रस्त्यानं लोकांना काट्यावर उभं करत निघाले. डॉक्टर त्र्याहत्तर निघाला, त्याला परत पाठवलं. शेवटी शिंपी सापडला, पासष्ट किलो आणि थोडं. कात्री आणि इस्त्री हातात दिल्यावर बरोबर सहासष्ट. गुण्या हे सगळं बाकावर बसून बघत होता. त्याच्या मनात एकच विचार होता, की हा माणूस बत्तीस वर्षं ज्यांचे बॉक्स करत होता, त्यांच्यापर्यंत आतला माल पोहोचला तरी कसा.

शिंपी एका हातात कात्री, एका हातात इस्त्री घेऊन शीटवरून चालला. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या मध्ये शीट अशी खाली गेली, की शिंपी जिना उतरतोय असं वाटलं. त्याचं तोंड बदललं. गुण्यानं दाजींकडे पाहिलं.

दाजी म्हणाले, त्याचं तोंड नेहमीच तसं असतं.

शिंप्यानं याला दुजोरा दिला. चार एमएम. उद्या सकाळी, पोट भरलेलं असताना पुन्हा चालवायचं ठरलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या संध्याकाळी दाजींनी चहा घेता घेता जाहीर केलं, की सोमवारपासून पुढच्या खोलीत ते पुठ्ठ्याचे बॉक्स करायचा वर्ग घेणार आहेत. नऊ जणांनी नावं दिली आहेत. टेबल म्हणून मेव्हण्यांचं रंधा मारायचं बाक आत आणावं लागेल. ते जरा ओबडधोबड आहे, पण चालवून घेऊ. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. गुण्याची बायको उठून आत गेली आणि तिनं दार लावलं. ती दार आपटणारी बाई नव्हती, आणि म्हणूनच ते सावकाश लागलेलं दार गुण्याला जास्त ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, कोणी यायच्या आधी, गुण्या शेडसमोर गेला. त्यानं शीट उचलून बाजूला ठेवली. वाशाचे आणखी दोन तुकडे कापले. पाचाचे सात झाले आणि दोन फुटांचं अंतर सोळा इंच झालं. शीट परत टाकली. सोळा इंचांवर नऊचं प्लाय नीट उभं राहतं. त्यात खोटं काही नाही. खोटं फक्त एवढंच होतं की वर छतावर सोळा इंच कुठेच नव्हते. गुण्यानं स्वतःला समजावलं, आपण काही बोललो नाही, जे बोलायचं ते लाकूड बोलेल. मग तो बाकावर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपली जाडी किती असेल हा विचार त्याच्या मनात आला. त्यानं तो लगेच झटकला.

दाजी आले, भाची आली, शिंपी जड नाश्ता करून आला. काल पाच असलेले तुकडे आज सात होते. कोणाच्याच लक्षात आलं नाही. आयुष्यभर लोकांच्या कंबरा पाव इंचापर्यंत मोजणारा शिंपी त्यांच्यावरून चालत गेला, इस्त्रीसकट, आणि त्याला काही दिसलं नाही. शीट हलली नाही. शिंप्याचं तोंड नेहमीसारखं होतं. मग दाजी चढले, चौऱ्याण्णव किलो, या टोकाहून त्या टोकाला, परत, आणि मध्यावर येऊन एक उडी. शीट ढिम्म.

दाजींनी गुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं सांगितलं की चूक कोणाचीही होते. थरांचं शास्त्र नवीन आहे, लाकूडवाल्यांपर्यंत यायला वेळ लागतो. मग ते रस्त्यानं ही बातमी सांगत गेले आणि त्यांच्यामागून शिंपी आणि भाची. गुण्या मान खाली घालून उभा राहिला. नऊ ठोकायला चार दिवस. शुक्रवारपर्यंत हे लोक घराबाहेर. बाक जागेवर राहील. झोळ वर्षभरानं येईल, तेव्हाचं तेव्हा.

ताई शेडच्या दारात उभी होती, हे त्याला नंतर दिसलं. हातात ओल्या कपड्यांची बादली होती. छत नसलेल्या घरात वाशांना दोरी बांधून ती रोज कपडे वाळत घालायची. बायकोची दोरी अडवायला नको म्हणून. ती पुढे आली. शीटवर चढली नाही. बादली खाली ठेवली आणि उकिडवी बसली.

“काल पाच होते,” ती म्हणाली.

गुण्यानं कोपऱ्यातला भुसा पायानं सारखा केला.

ताईनं हाताची वीत पसरली आणि दोन तुकड्यांमध्ये ठेवली. एक. अंगठा उचलून पुढे ठेवला. दोन. पुढच्या तुकड्याला बोट टेकलं. ती तशीच थांबली, जणू तिसरी वीत कुठेतरी सांडली असेल आणि आता सापडेल. मग हात मागे घेतला आणि पदराला पुसला. वर तीन वीत आहे हे तिला मोजायची गरज नव्हती. तिथल्या दोन वाशांमध्ये दाजींचा एक सदरा अगदी बरोबर मावतो, हे तिला अकरा महिन्यांतल्या शेवटच्या काही दिवसांनी शिकवलं होतं.

गुण्या म्हणाला, दाजी काही ऐकतच नाहीत. त्यांना चालवून दाखवलं तरी ऐकत नाहीत. मग आपण तरी काय करायचं.

“त्यांचं मला सांगू नकोस, ते मी तुझ्याआधीपासून बघतेय. तू छतावर ते ठोकणार होतास?”

त्यानं एका तुकड्याची कड अंगठ्यानं घासली.

“आणि वरून गळेल, पलंग खिडकीखाली ठेव असंही सांगणार होतास, की तेही मीच शोधायचं?”

ताई रागावलेली नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या बघण्यात नेमकं ते होतं, जे त्यानं आजवर शिंप्याकडे, डॉक्टरकडे, दाजींकडे बघताना वापरलं होतं. ते कसं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं. आत्ता कळलं.

“नुसतं जा म्हणायचं होतंस,” ताई म्हणाली. “मी गेले असते. लाकडाकडून कशाला वदवून घेतलंस?”

त्यानं सांगायचा प्रयत्न केला, की तुझ्याबद्दल नव्हतं, ते वर्गाबद्दल होतं, चिठ्ठ्यांबद्दल, न्हाणीघराबद्दल. हे सगळं खरं होतं, आणि बोलताना त्याला स्वतःलाच ते नऊ एमएमचं वाटलं. ताईनं त्याला पुरं करू दिलं. मग ती शीटवर चढली, अठ्ठावन्न किलो, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली. तिचं तोंड बदललं नाही. गुण्या बघत होता. वस्तादांनी शिकवलं होतं ते आपोआप होत होतं.

“धरतंय की,” ती उतरत म्हणाली. “दोन वितींवर नऊ धरतं. तूच दाखवलंस सगळ्यांना. आता वरचे वासे दोन वितींवर आण.”

गुण्यानं हिशेब केला, कारण ते त्याला थांबवता येत नव्हतं. चौतीस वाशांपैकी अठरा जागेवर राहणार. सोळा उपटायचे आणि नव्या जागी बसवायचे. आणखी सोळा नवे. एकूण पन्नास. दोन महिने, कदाचित जास्त. अठराचं प्लाय आणलं असतं तर आठवड्यात झालं असतं. तसं तो म्हणालाही. अठरा आणतो, मी आणतो, दाजींना मी बघून घेतो.

“त्यांनी त्या बत्तीस शीट रात्री पुसून ठेवल्यात,” ताई म्हणाली. “त्याच बसणार. बत्तीस वर्षांत त्यांना दुसरं कोणी काही दिलं नाही. आणि वासे होईपर्यंत आम्ही कुठे जात नाही. वहिनीला मी सांगते.”

तिनं बादली उचलली आणि गेली. वहिनीला तिनं काय सांगितलं ते गुण्याला कधीच कळलं नाही. पण त्या दिवसापासून बायको दाजींच्या चिठ्ठ्या काढून टाकेनाशी झाली, आणि गुण्याशी मात्र जेवढ्यास तेवढं बोलू लागली.

सोमवारी नऊ जण आले. दाजींनी त्यांच्याकडून बाक आत ओढून घेतलं आणि पहिल्याच तासाला, विषय सोडून, थरांच्या शास्त्रानं एका सुताराचे डोळे कसे उघडले ते सांगितलं. खिडकीतून आवाज बाहेर येत होता. अठराचा हट्ट धरणारा हा माणूस आता नऊसाठी वासे जवळ आणतोय, स्वखुशीनं, असं ते म्हणाले, आणि नऊ जणांनी ते लिहून घेतलं.

डोळे उघडलेला सुतार त्या वेळी रस्त्याच्या टोकाला, भिंतीच्या माथ्यावर, स्वतःच ठोकलेले खिळे उपटत होता. पक्के ठोकले होते; निघता निघेनात. ताई शिडीवरून वर आली. त्यानं टेप पुढे केला, तो तिनं घेतला नाही. नव्या अंतरावर बसवून झालेल्या पहिल्या वाशापाशी वाकून तिनं वीत ठेवली, मग दुसरी, मान हलवली आणि पुढे सरकली. दुसरा वासाही चालला. तिसऱ्याला तिचं बोट वाशाच्या आधीच, हवेत थांबलं.

“काढ,” ती म्हणाली.

अर्ध्या इंचाचा फरक होता, जास्त नाही. गुण्यानं बघितलं, होता. त्यानं पहार उचलली.